दीड दिवसाची शाळा आणि स्टालिनग्राडचा पोवाडा : शाहीर अण्णाभाऊ साठे

पोवाडा म्हटलं की आपल्याला आठवतात शिवाजी महाराज, अफझलखान आणि सिंहगड. मग याच पोवाड्यात रशियातलं स्टालिनग्राड कुठून आलं?

ते आणलं अण्णाभाऊ साठे यांनी.

मूळ नाव तुकाराम. जन्म 1 ऑगस्ट 1920, गाव वाटेगाव, आताचा सांगली जिल्हा. मातंग समाजातलं गरीब घर. शाळेत ते फक्त दीड दिवस टिकले, असं सांगितलं जातं. पुढे हे कुटुंब पोटासाठी पायी चालत मुंबईला आलं. पडेल ते काम करत अण्णाभाऊ गिरणीत पोहोचले, आणि तिथून लाल बावट्याच्या चळवळीत.

पोवाडा नेमका काय असतो?

घडलेल्या घटनेची गाऊन सांगितलेली गोष्ट म्हणजे पोवाडा. शाहीर डफावर थाप मारतो, मागे तुणतुणं आणि झांज असते, झीलकरी ओळ उचलून धरतात. मध्येच गाणं थांबवून शाहीर गद्यात गोष्ट पुढे नेतो. शिवकाळात अज्ञानदासानं अफझलखान वधाचा पोवाडा रचला, तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही.

अण्णाभाऊंनी साचा तोच ठेवला आणि नायक बदलला. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लोकांनी नाझी फौजांना रोखलं, तेव्हा त्यांनी त्या लढाईवर पोवाडा रचला. परळ-लालबागच्या कामगाराला हजारो मैलांवरचं शहर डफाच्या तालावर कळू लागलं. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी ही बातमीच होती.

1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणानं होते. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांत ती जागा मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन करण्यानं घेतली. रचना जुनी असल्यामुळे नवा विचार लोकांना परका वाटला नाही.

मैना कोण होती?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरात पोहोचली. छक्कड हा लावणीच्या कुळातला, तमाशात रुळलेला गीतप्रकार. वरवर ती मुंबईला आलेल्या गड्याची आणि गावी राहिलेल्या बायकोची विरहकथा आहे. पण पुढे हीच ताटातूट बेळगाव, कारवारसारख्या तुटलेल्या मराठी मुलखाची होते. अर्ध्या मुंबईनं हा विरह स्वतः भोगलेला होता, त्यामुळे राजकीय मागणी समजावून सांगावी लागली नाही.

1958 मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला 1961 मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. ज्या देशाबद्दल ते गात होते, तो त्यांनी अखेर डोळ्यांनी पाहिला.

पण घरची गरिबी हटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांची बरीच वर्षं गेली. 18 जुलै 1969 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

आज चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत, जयंतीला मिरवणुका निघतात. पण पोवाडा फक्त राजांचा नसतो, तो गिरणीतल्या माणसाचाही होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मोर्चात आजही डफ वाजतो, त्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे.