आर्चबिशप हेन्री डोरिंग : परतून आलेला मेंढपाळ

तळवली-घणसोली परिसरात नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावलेल्या मराठी कॅथलिक कुटुंबांना मूळ गाव विचारले, की पुष्कळदा राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे अशी नावे कानी पडतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या स्नानसंस्काराच्या नोंदी शोधल्या, तर खाली एखाद्या जर्मन धर्मगुरूची स्वाक्षरी आढळते. हे जर्मन धर्मगुरू नगरच्या खेड्यांत कसे पोहोचले, याचे उत्तर जर्मन साम्राज्याच्या इतिहासात आहे. त्यांच्यापैकीच एक, पुणे धर्मप्रांताचे दुसरे बिशप हेन्री डोरिंग, यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डोरिंग यांचा जन्म १८५९ साली प्रशियाच्या वेस्टफालिया प्रांतातील बोखोल्ट या गावी झाला. हा सारा मुलूख श्रद्धावान कॅथलिकांचा. १८७१ साली जर्मन साम्राज्याची स्थापना झाली, तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे होते. नव्या साम्राज्याचे चान्सलर बिस्मार्क यांना रोमशी निष्ठा राखणारे कॅथलिक नागरिक संशयास्पद वाटू लागले. १८७२ च्या जुलै महिन्यात येशूसंघावर बंदी घालणारा कायदा झाला. १८७३ च्या मे महिन्यातील कायद्यांनी धर्मगुरूंचे शिक्षण व नेमणुका शासनाच्या देखरेखीखाली आणल्या. हे कायदे न मानणारे बिशप तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले. डोरिंग यांच्या म्युन्स्टर धर्मप्रांताचे बिशप ब्रिंकमन यांनाही १८७५ साली कारावास घडला व पुढे हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. ते १८८४ साली परतू शकले. प्रशियात हजाराहून अधिक धर्मग्राम पाळकांविना राहिले. इतिहास या कालखंडाला ‘कुल्टुरकाम्फ’, म्हणजे संस्कृतिसंघर्ष, या नावाने ओळखतो.

अशा काळात वाढलेल्या या तरुणाने नेमका बंदी असलेल्या येशूसंघाचाच मार्ग धरला. संघाच्या जर्मन प्रांताची प्रशिक्षणगृहे तेव्हा हॉलंड व इंग्लंडमध्ये हलविली गेली होती. मायदेशात काम करण्याची वाट बंद झालेल्या या व्रतस्थांना जी कार्यक्षेत्रे मोकळी होती, त्यांत मुंबई-पुणे मिशन हे एक प्रमुख होते. १८५४ पासूनच जर्मन प्रांताचे धर्मगुरू येथे येऊ लागले होते. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट विद्यालय (१८६७) आणि मुंबईचे सेंट झेवियर महाविद्यालय (१८६९) ही त्यांचीच कामगिरी. बिस्मार्क यांनी ज्यांना हद्दपार केले, त्यांच्या येण्याने या मिशनला पुढे अधिकच बळ मिळाले.

१८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला व बिशप बायडरलिंडन त्याचे पहिले बिशप झाले. त्यांच्यानंतर १९०७ साली ही धुरा डोरिंग यांच्याकडे आली. नगर जिल्ह्यातील मिशन याच धर्मप्रांतात होते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, दुष्काळाने पिचलेल्या समाजात तेथे श्रद्धेचे बीज रुजत होते. गावोगावच्या छोट्या शाळा आणि त्या चालविणारे मराठी मास्तर हा त्या कार्याचा कणा होता.

मात्र धर्मगुरू जवळजवळ सगळे परदेशी होते. ही उणीव १९१४ साली उघडी पडली. महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी हे जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. १९१५-१६ मध्ये अनेकांना ‘गोलकोंडा’ जहाजाने युरोपात परत धाडले. ज्या जर्मनीत त्यांना पाठविले, तेथे येशूसंघाविरुद्धचा कायदा तोवर पूर्णपणे रद्द झालेला नव्हता. तो १९१७ साली रद्द झाला. जर्मनीत ते रोमचे म्हणून परके, हिंदुस्थानात जर्मन म्हणून परके! तटस्थ स्वित्झर्लंडचे नागरिक असलेले थोडे धर्मगुरू मागे राहिले. बाकी खेड्यांतील भाविक मेंढपाळाविना उरले. मास्तरांनी प्रार्थना चालू ठेवल्या, पण मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरू कोठून आणायचा?

युद्धामुळे बिशप डोरिंगही आपल्या कळपापासून दुरावले. पुढे आर्चबिशप ही उपाधी देऊन त्यांना जपानमधील हिरोशिमाच्या मिशनची जबाबदारी सोपविण्यात आली. साठी उलटल्यावर नवा देश व नवी भाषा त्यांनी निमूटपणे पत्करली. १९२७ साली मात्र त्यांना पुन्हा पुण्याच्या गादीवर पाठविण्यात आले. त्या वेळी ते सदुसष्ट वर्षांचे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहर अणुबॉम्बने बेचिराख झाले, तेव्हा त्या शहराचे हे जुने मेंढपाळ पुण्यात होते. १९४८ साली ते निवृत्त झाले आणि १९५१ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, प्रभूच्या भेटीस गेले. त्यांच्यानंतर १९४९ साली बिशप आंद्रू डिसोजा यांनी धर्मप्रांताची सूत्रे हाती घेतली.

महायुद्धाच्या अनुभवानंतर पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१९ साली ‘माक्सिमुम इल्लुद’ हे पत्र प्रसिद्ध केले. मिशनरींनी आपल्या राष्ट्राचा अभिमान प्रभूच्या कार्यात मिसळू नये आणि स्थानिक धर्मगुरू घडवावेत, असा त्याचा आशय होता. नगरच्या ख्रिस्तसभेने हा धडा पुस्तकातून नव्हे, रिकाम्या वेदीसमोर गुडघे टेकून गिरविला होता. आज हा जिल्हा १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात आहे आणि तेथील मातीतले मराठी धर्मगुरू तेथे सेवा करीत आहेत.

ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेविषयी शंका घेणे काही नवे नाही. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतील कॅथलिकांनीही ती सोसली. डोरिंग यांनी तिला कडवटपणाने उत्तर दिले नाही. जेथे पाठविले तेथे त्यांनी सेवा केली आणि संधी मिळताच ते आपल्या माणसांत परतले. आमच्या घरांतून मात्र हल्ली धर्मगुरुपदाचे पाचारण क्वचितच ऐकू येते. मुलाने अभियंता व्हावे, परदेशी जावे, अशी प्रार्थना आम्ही करतो. त्याने वेदीची सेवा करावी, अशी प्रार्थना किती घरांत होते? येत्या रविवारी मिस्सेच्या वेळी आर्चबिशप डोरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांचे कृतज्ञतेने स्मरण करू या आणि हा प्रश्न आपापल्या घरी विचारू या.