थ्युसिडायडीज : कारण आणि निमित्त

अमुक युद्ध कां झालें असें वर्गांत विचारलें, म्हणजे आमचे बहुतेक विद्यार्थी युद्धापूर्वींची अगदीं शेवटची घटना सांगून मोकळे होतात. पुस्तकांत तीच युद्धाला लागून छापलेली असते ना! अशा वाचकांस ज्याची संगत हितावह होईल, त्या ग्रीक इतिहासकाराचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

थ्युसिडायडीज हा अथेन्सचा नागरिक. जन्म इ. स. पूर्वीं ४६० च्या सुमाराचा. थ्रेस प्रांतांतील सोन्याच्या खाणी चालविण्याचा हक्क त्याजकडे होता. इ. स. पूर्वीं ४३१ मध्यें अथेन्स व स्पार्टा यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां हा संग्राम मोठा होणार असें ताडून त्यानें तत्काळ लेखणी उचलली. कोर्सायरा बेटाचा तंटा, पॉटिडीआ शहराचें बंड हीं लोकांच्या तोंडीं असलेलीं कारणें त्यानें सविस्तर दिलीं. पण तीं निमित्तें होत. खरें कारण त्याच्या मतें अथेन्सची वाढती सत्ता आणि तिची स्पार्टानें घेतलेली धास्ती. कोठारांत दारू भरलेलीच नसती तर ठिणगी पडून विझली असती, असें आम्ही म्हणूं.

पुढच्याच वर्षीं अथेन्समध्यें भयंकर सांथ आली. शत्रूनें पाण्यांत विष कालविलें अशी प्रथम आवई उठली. कोणी जुनें भविष्य आठवूं लागले. त्यांत शब्द सांथीचा कीं दुष्काळाचा याविषयींच वाद, कारण ग्रीक भाषेंत दोन्ही शब्द जवळजवळ सारखे. सांथ आली म्हणून लोकांनीं सांथीचा पाठ खरा मानला! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडली, एवढेंच. थ्युसिडायडीज स्वतः त्या दुखण्यांतून उठला होता. तरी रोगाच्या मूळाविषयीं तर्क न करतां त्यानें पाहिलें तेवढेंच लिहिलें : खेड्यांतून आलेले लोक कोंदट खोपटांत दाटीनें राहिल्यामुळें जास्त मेले, शुश्रूषा करणारांस रोग जडे, एकदां बरा झालेला त्याच रोगानें पुन्हां दगावत नसे.

इ. स. पूर्वीं ४२४ मध्यें तो सेनापति असतां सात गलबतें घेऊन अँफिपोलिस शहराच्या मदतीस धांवला. पण स्पार्टाच्या ब्रॅसिडस यानें सौम्य अटी देऊन शहर आधींच घेतलें होतें. जवळचें ईऑन बंदर तेवढें वांचलें. याबद्दल त्यास वीस वर्षें हद्दपारी भोगावी लागली. आश्चर्य हें कीं, हा प्रसंगहि त्यानें परक्याचा असावा तसा कारणांसह लिहिला आहे. कोठें सबब नाहीं. हद्दपारींत शत्रुपक्षाची बाजूहि त्यास जवळून कळली. युद्धाचा शेवट ४०४ मध्यें झालेला त्यानें पाहिला. ग्रंथ मात्र ४११ च्या हकीकतीशीं एकाएकीं तुटला आहे.