भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म : २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, मृत्यू : ९ मे १९५९, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक विचारांचे समाजसुधारक व रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. ब्रिटिश काळात शहरापुरते व फी भरू शकणाऱ्यांपुरते राहिलेले माध्यमिक शिक्षण ग्रामीण व मागास समाजातील मुलांना खुले करणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. त्यासाठी त्यांनी वसतिगृह व श्रम यांचा आधार घेतला.

पूर्वायुष्य
भाऊरावांचा जन्म कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. ऐतवडे बुद्रुक हे त्यांचे मूळ गाव. वडील पायगोंडा सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास गेल्याबद्दल स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना तेथून काढून टाकले. पुढे छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला. तथापि मॅट्रिकपर्यंत त्यांची मजल गेली नाही.

१९१४ मधील डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ करण्यात आला. कारावास भोगूनही त्यांनी ती साक्ष दिली नाही. त्यानंतर साताऱ्यात शिकवण्या, तसेच किर्लोस्कर व कूपर या कारखान्यांच्या नांगरांची विक्री अशी कामे त्यांनी केली. या कामानिमित्त झालेल्या भ्रमंतीत शेतकऱ्यांच्या मुलांची शैक्षणिक दुरवस्था त्यांनी जवळून पाहिली.

रयत शिक्षण संस्था
मुंबई इलाख्यात त्या काळी हायस्कुले प्रामुख्याने जिल्ह्याच्या किंवा मोठ्या गावी असत. सातारा शहरात सरकारी हायस्कूल (सध्याचे प्रतापसिंह हायस्कूल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०० मध्ये येथे दाखल झाले) आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे न्यू इंग्लिश स्कूल होते. परंतु फी, शहरात राहण्याजेवण्याचा खर्च व अस्पृश्यता या तिहेरी अडचणींमुळे खेड्यातील बहुसंख्य मुले त्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकत नव्हती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. वसतिगृहाच्या खर्चासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने व अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

माध्यमिक शिक्षणातील प्रयोग
वसतिगृहामुळे राहण्याचा प्रश्न सुटला, तरी फीचा अडसर कायम होता. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू करून भाऊरावांनी तोही दूर केला. हे मोफत व निवासी विद्यालय असून विद्यार्थी शेतीत व इतर कामांत श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलत. कमवा व शिका या नावाने ही पद्धती पुढे प्रसिद्धीस आली. विद्यालयास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले. ग्रामीण शाळांसाठी शिक्षक घडविण्याकरिता संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले होते, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन केले.

१९४८ मध्ये भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. या काळात लोकांच्या देणग्यांवर शाळा चालविण्यात आल्या. पुढे अनुदान पूर्ववत झाले. शासकीय मदतीवर विसंबलेल्या संस्थेची स्वायत्तता किती टिकते, हा प्रश्न या प्रसंगाने उभा केला.

सन्मान व वारसा
जनतेने त्यांना कर्मवीर ही उपाधी दिली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी व भारत सरकारने पद्मभूषण प्रदान केले. त्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. साताऱ्याबाहेरही संस्थेच्या माध्यमिक शाळांचे जाळे पसरले आहे.