सासवण्याचे शिल्पकार करमरकर

दिवाळीची सुटी लागली की द्रोणागिरीच्या पायथ्याच्या गावांतून अंगणोअंगणी मातीचे किल्ले उठू लागतात. डोंगरावरील खरा किल्ला पडका. परंतु आमच्या विद्यार्थ्यांचा किल्ला दरवर्षी नवा असतो, आणि त्यावर बाजारातून आणलेली रंगीत चित्रे मांडली जातात. त्यांत मावळे व भालदार पुष्कळ, घोडेस्वार थोडे. मातीच्या घोड्याचे पाय बारीक केले तर ते मोडतात, म्हणून कारागीर पोटाखालची माती बहुधा काढीतच नाही. आणि रंगविणाऱ्याने घाई केली की पागोट्याचा रंग स्वाराच्या कपाळावर उतरतो. अशाच माती-रंगाच्या कामात ज्यांचे बालपण गेले आणि पुढे ज्यांनी महाराष्ट्रातील एक अत्यंत प्रसिद्ध घोडेस्वार घडविला, त्या विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहोत.

करंजाहून तरीने रेवसास उतरावे आणि दक्षिणेकडे किनाऱ्याने जावे, म्हणजे सासवणे गाव लागते. तेथे 2 ऑक्टोबर 1891 रोजी करमरकरांचा जन्म झाला. वडील शेती करीत व गणेशचतुर्थीच्या सुमारास गणपतीच्या मूर्ती घडवीत. शाडू किती ओली असावी हे पुस्तकात वाचून समजत नाही, ते बोटालाच कळावे लागते. मूर्ती सुकल्यावर प्रथम पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे व अलंकार, आणि सर्वांच्या शेवटी डोळ्यांची आखणी. ही रेघ केसभर चुकली तरी मुद्रा बिघडते. आमच्या मते कोणत्याही कलाशाळेतील पहिल्या वर्षाचे शिक्षण ह्याहून फारसे वरचढ नसावे.

ह्याच वयात त्यांनी गावातील राममंदिराच्या भिंतीवर अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. हे गृहस्थ कलेचे जाणते होते. हिंदुस्थानातील स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेल्या ग्रंथास पुढे धुरंधरांनी चित्रे काढली. त्यांनी मुलाची चौकशी करून त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्यास साह्य केले. गुणपत्रिका पाहण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. भिंत हीच गुणपत्रिका होती. कलाशाळेत त्यांनी मेयो पदक मिळविले. (1913 साली इंग्लंडात एच. जी. वेल्स यांच्यासारख्या नामांकित लेखकाने शिशाचे सैनिक व घोडेस्वार मांडून खेळावयाच्या युद्धावर एक पुस्तकच लिहिले. तेव्हा किल्ल्यावरची चित्रे मांडणाऱ्या आपल्या मुलास पोरकट म्हणणाऱ्या पालकांनी थोडा विचार करावा.)

पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या साह्याने करमरकरांनी कलकत्त्यास शिल्पशाळा थाटली, आणि 1920 च्या सुमारास ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकावयास गेले.

परत आल्यावर त्यांच्याकडे जे काम आले ते सोपे नव्हते. पुण्यास श्रीशिवछत्रपतींचे स्मारक व्हावे ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची उत्कट इच्छा. 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली; परंतु 6 मे 1922 रोजी महाराज निवर्तले. राजाराम महाराजांनी पित्याचे कार्य पुढे चालविले, तरी कोनशिला बसून वर्षे लोटली होती. त्या काळी हिंदुस्थानातील भव्य पुतळे पुष्कळदा विलायतेतील शिल्पकारांकडून करवून घेत. महाराष्ट्राच्या राजाची मूर्ती महाराष्ट्राच्याच मुलाच्या हातून यावी की नाही, हा प्रश्न येथे होता.

अश्वारूढ पुतळ्यात खरी परीक्षा घोड्याची असते. मनुष्याच्या चेहऱ्यातील उणीव अलंकारांनी थोडीफार झाकता येते. घोड्याचा सांधा चुकला तर तो गाडीवानालाही कळतो. शिवाय घोडा, स्वार, खोगीर यांचा सारा भार चार सडपातळ पायांवर. खेळण्याप्रमाणे पोटाखाली माती ठेवून येथे भागत नाही. म्हणून शिल्पकार प्रथम लहानसा नमुना करतो, मग लोखंडी सांगाड्यावर मोठी माती चढवितो, तीवरून साचा घेतो, आणि त्यानंतरच धातू ओतला जातो. एवढे मोठे काम सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. करमरकरांचा साडेतेरा फूट उंचीचा पुतळा मात्र अखंड ओतला गेला. धातूची एक ओत फसती तर महिन्यांचे श्रम व पुष्कळ द्रव्य एका दिवसात वाया जाते. ती फसली नाही. जून 1928 मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. 1932 साली स्थापन झालेल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आज उभा आहे. पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा, आणि पाहताना प्रथम घोड्याच्या पायांकडे पाहावे.

ह्या कीर्तीनंतर त्यांनी केवळ राजेरजवाड्यांच्याच मूर्ती घडविल्या असे नाही. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे त्यांचे शिल्प प्रसिद्धच आहे. कोळणी, गावकरी, गुरे हेही त्यांचे आवडते विषय. संगमरवर व ब्राँझ यांबरोबर त्यांनी साध्या सिमेंटलाही हाताशी धरले, हे आम्हास विशेष वाटते.

13 जून 1967 रोजी त्यांचे देहावसान झाले. सासवण्यातील त्यांचे राहते घर आता शिल्पसंग्रहालय झाले असून तेथे सुमारे दीडशे शिल्पे मांडलेली आहेत. करंजाच्या तरीने सकाळी निघाल्यास संध्याकाळपर्यंत सहज परत येता येते.