न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

रोमी सुभेदार पिलात यास प्रभू येशूच्या ठायी काही अपराध दिसला नव्हता. तरी लोकांच्या आरोळ्यांपुढे त्याने मान तुकविली व निर्दोष पुरुषास वधस्तंभाच्या स्वाधीन केले. शुभवर्तमानातील ही कथा आपण सर्वांनी ऐकिली आहे. अशा प्रसंगी न्यायासनावरील मनुष्याने कसे वागावे, याचा धडा जुन्या मुंबई इलाख्यातील एका थोर पुरुषाच्या चरित्रात सापडतो.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईस एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. प्रारंभीचे शिक्षण आटोपून ते विलायतेस गेले. मध्यंतरी नेत्रविकारामुळे त्यांस परतावे लागले. परंतु धीर न सोडता ते पुन्हा गेले व १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. १८८७ साली मद्रास येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

दोनच वर्षांनी त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला. जून १८९७ मध्ये पुण्यास प्लेगचे अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडण्यात आल्या व दोघेही प्राणास मुकले. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी एकच गिल्ला करून ‘केसरी’तील लेखांकडे बोट दाखविले. जुलैअखेर बाळ गंगाधर टिळक यांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. टिळक मूळचे रत्नागिरीचे. आपला सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. त्यांचा जामिनाचा अर्ज खालच्या कोर्टाने, व एकदा हायकोर्टानेही, नामंजूर केला. पुढे तो तय्यबजींपुढे आला. आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही, आरोपी पळून जाण्याचा संभव नाही, आणि बचावाच्या तयारीसाठी त्यास मोकळीक हवी, एवढेच त्यांनी पाहिले व ४ ऑगस्ट रोजी जामीन मंजूर केला.

हा हुकूम लोकांस प्रिय झाला. परंतु तो लोकप्रियतेसाठी दिलेला नव्हता. तय्यबजींची राजकीय मते मवाळ होती, टिळकांची तशी नव्हती. शिवाय जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निकाल नव्हे. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांजपुढे खटला चालला; ९ ज्यूररांपैकी ६ युरोपियनांनी टिळकांस दोषी व ३ हिंदी गृहस्थांनी निर्दोष ठरविले, आणि त्यांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तय्यबजींनी त्यांस शिक्षेतून सोडविले नाही. कायद्याने आरोपीस जेवढे द्यावयाचे, तेवढे मात्र क्षोभाच्या त्या दिवसांतही दिले.

१९०२ साली मुख्य न्यायाधीशाचे काम काही काळ त्यांनी पाहिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, एखादा घोर गुन्हा घडला की आपल्या बाजारात, बंदरावर, आता तर हातातील फोनवरही, चौकशीपूर्वीच शिक्षेची मागणी सुरू होते. पीडितांविषयीची ती कळकळ खोटी नसते. परंतु पिलाताच्या अंगणातील जमावासही आपलेच खरे वाटत होते. आरोळीत आपला स्वर मिळविण्यापूर्वी आपण पुरावा विचारावा, हीच या न्यायमूर्तींस खरी आदरांजली होय.