संत झेली मार्तिन : दुखण्यातही घर जपणारी माउली

कॅन्सर झाल्याचे निदान झाले की आपल्या घरांत बहुधा लपवाछपवी सुरू होते. रुग्ण घरच्यांना कळू देत नाही, नाहीतर घरचे रुग्णाला कळू देत नाहीत. सगळे एकमेकांना जपू पाहतात आणि प्रत्येक जण मात्र एकटा पडतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका आईपुढे हाच प्रसंग उभा राहिला. तिचे नाव झेली मार्तिन. बाळ येशूच्या संत तेरेजेची ही आई. तिच्या आयुष्याचे शेवटचे नऊ महिने आज आपण थोडे जवळून पाहू या.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ चा. तरुणपणी तिला धर्मभगिनी व्हायचे होते, पण तिला प्रवेश मिळाला नाही. मग ती लेस विणण्याची कला शिकली. तिचे आलाँसाँ हे शहर या नाजूक लेससाठी प्रसिद्ध होते. १८५३ साली तिने स्वतःचा व्यवसाय थाटला. गावोगावच्या बाया घरी बसून लेसचे तुकडे विणून आणत आणि झेली ते बेमालूम जोडत असे. १३ जुलै १८५८ रोजी घड्याळांचे दुकान चालवणाऱ्या लुई मार्तिन ह्यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढे पत्नीच्या व्यवसायाला हातभार लावण्यासाठी लुईंनी आपले दुकान विकले.

परमेश्वराने त्यांना नऊ मुले दिली. त्यांतली चार लहानपणीच गेली. तीन तान्ही आणि एक पाच वर्षांची हेलेन. मागे उरल्या पाच मुली : मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेज. त्यामुळे मृत्यू या घराला अनोळखी नव्हता. पण आता तो आईच्या दारात आला होता.

१८६५ सालीच झेलीने आपला भाऊ इझिडोर ह्याला स्तनातील गाठीविषयी लिहिले होते. तो लिझ्यू शहरात औषधविक्रेता होता. त्यानंतर बाळंतपणे, आजारपणे, लेसची मागणी, घरचा व्याप ह्यांत अकरा वर्षे निघून गेली. डिसेंबर १८७६ मध्ये दुखणे वाढले तेव्हा ती आलाँसाँच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी काहीतरी औषध लिहून दिले. ह्याचा उपयोग काय, असे तिने थेट विचारले, तेव्हा हे केवळ रुग्णाच्या समाधानासाठी आहे हे त्यांना कबूल करावे लागले. नाताळच्या सुमारास लिझ्यूच्या शल्यविशारदांनीही तपासून सांगितले की शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली आहे.

झेलीने घरी येऊन सर्व खरे सांगून टाकले. घरात रडारड झाली. लेओनी हुंदके देऊ लागली. ते पाहून झेलीला क्षणभर वाटले, सांगितले नसते तर बरे झाले असते. पण तिने सर्वांना सावरले. असे दुखणे घेऊन दहा-पंधरा वर्षे जगलेल्या माणसांची उदाहरणे दिली आणि स्वतः पूर्वीसारखीच, किंबहुना अधिक हसतमुखाने, कामाला लागली. लुई मात्र खचून गेले. मासेमारीचा त्यांना मोठा नाद होता, पण त्यांनी आपले गळ माळ्यावर ठेवून दिले. मित्रांकडे जाणेही थांबवले. दुखणे एकाच्या अंगात असते, पण आजारी सारे घर पडते.

झेलीची खरी काळजी स्वतःच्या जिवाची नव्हती, लेओनीची होती. ही मधली मुलगी तब्येतीने नाजूक, अभ्यासात मागे आणि हट्टी. शाळेने तिला परत पाठवले होते. झेलीची थोरली बहीण ल माँ येथील मठात धर्मभगिनी होती आणि क्षयाने अखेरच्या घटका मोजत होती. जानेवारी १८७७ मध्ये झेली तिच्या भेटीला गेली. स्वर्गात गेल्यावर लेओनीसाठी रदबदली कर, असे तिने बहिणीला विनवले. २४ फेब्रुवारीला बहीण देवाघरी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरातले एक गुपित उघडकीस आले. घरची मोलकरीण लेओनीला धाकदपटशाने आपल्या मुठीत ठेवत होती आणि म्हणून ती मुलगी आईजवळ येत नव्हती. तेव्हापासून झेलीने लेओनीला आपल्या पंखाखाली घेतले. पोर हळूहळू मोकळी झाली, आईला चिकटून राहू लागली. आता झेलीला जगावेसे वाटू लागले, ते ह्या मुलीसाठी.

जून १८७७ मध्ये ती तिन्ही थोरल्या मुलींना घेऊन लूर्ड्सच्या यात्रेला गेली. प्रवासात अतोनात हाल झाले. त्या थंडगार पाण्यात तिने चार वेळा स्नान केले, पण ती बरी झाली नाही. मुली निराश झाल्या. झेली मात्र प्रसन्न चेहऱ्याने घरी परतली आणि तिने लुईंनाच धीर दिला.

ऑगस्टमध्ये वेदना असह्य झाल्या. तरीही मारीने दोघी धाकट्या बहिणींसाठी घरातच बक्षीस समारंभ मांडला, तेव्हा आईवडील दोघेही त्याला हजर राहिले. २६ ऑगस्टला लुई स्वतः धर्मगुरूंना बोलावून घेऊन आले. रुग्णाभ्यंगाच्या वेळी पाची मुली वयाप्रमाणे ओळीने उभ्या होत्या आणि लुई हुंदके देत होते. दुसऱ्या दिवशी भाऊ-भावजय पोहोचले. झेलीला बोलवेना. तिने भावजयीकडे नुसते एकटक पाहिले. भावजयीने ते ओळखले. मुली आता तिच्या ओटीत होत्या. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्रीनंतर झेलीने देह ठेवला. तिचे वय होते ४५ वर्षे.

तिच्या त्या नजरेचा मान राखला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुई मुलींना घेऊन मामा-मामींजवळ लिझ्यूला राहायला गेले. पुढे पाची जणी धर्मभगिनी झाल्या. जिच्यासाठी आईचा जीव तुटत होता, ती लेओनीही अनेक अपयशांनंतर काएनच्या मठात स्थिरावली आणि २०१५ साली तिच्या संतपदाच्या प्रक्रियेला आरंभ झाला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस ह्यांनी झेली आणि लुई ह्यांना एकत्र संत म्हणून घोषित केले. दांपत्य म्हणून एकत्र संतपद लाभलेले हे पहिलेच पती-पत्नी.

आपण झेलीकडून काय घ्यावे? पहिली गोष्ट अगदी व्यवहारातली. तिच्या काळी उपाय तोकडे होते, आज तसे नाही. घरच्या कामांपायी स्वतःची गाठ, स्वतःचे दुखणे मागे टाकणाऱ्या आया आपल्याही घरांत आहेत. त्यांना लवकर डॉक्टरांकडे नेणे हे नवऱ्याचे आणि मुलांचे कर्तव्य आहे. दुसरी गोष्ट, जवळच्यांपासून सत्य लपवू नये. झेलीने सांगितले म्हणून सारे घर रडले खरे, पण नंतरचे नऊ महिने ते घर एकत्र जगले. आणि तिसरी, उरलेला वेळ किती हे आपल्या हाती नाही, तो कोणासाठी वेचायचा हे मात्र आहे. आपल्याही घरात एखादी लेओनी असेल, दुरावलेली, अबोल. तिला जवळ घेण्यासाठी आपण आजाराची वाट का पाहावी?

आपल्या धर्मग्रामातील सर्व कॅन्सरग्रस्तांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांना आजच्या मिस्सामध्ये आपण प्रभूच्या चरणी ठेवू या. संत झेली त्यांच्यासाठी विनंती करो.