तारे निवडणाऱ्या फ्लेमिंगबाई

दुसऱ्याच्या घरी झाडलोट करणारी बाई पुढे आकाशातील ताऱ्यांची नोंद ठेवू लागली, असे कोणी सांगितले तर आपल्याला ती कहाणीतली गोष्ट वाटेल. पण ही गोष्ट घडलेली आहे, आणि ती आपल्या मंडळातील भगिनींना सांगावी असे मला फार दिवस वाटत होते.

विल्यमिना स्टीव्हन्स हिचा जन्म 15 मे 1857 रोजी स्कॉटलंडमधील डंडी या शहरी झाला. ती सात वर्षांची असतानाच वडील वारले. चौदाव्या वर्षी ती स्वतः शिकत असताना लहान मुलांना शिकवू लागली. 1877 साली तिचे जेम्स फ्लेमिंग यांच्याशी लग्न झाले व पुढल्या वर्षी दोघे अमेरिकेत बोस्टनला गेली. तेथे, पोटात मूल असताना, नवऱ्याने तिला टाकले. परका मुलुख, जवळ ना सासर ना माहेर. अशा वेळी रडत बसून भागत नाही. तिने हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीचे काम धरले.

बाळंतपणाला ती डंडीला गेली. 1879 साली मुलगा झाला, त्याला तिने मालकांचेच नाव दिले. यावरून त्या घरात तिला कसे वागवीत असतील ते ध्यानात येते. वेधशाळेतील पुरुषांच्या कामावर चिडून पिकरिंगसाहेब म्हणाले, याहून आमची मोलकरीण बरे करील, अशी एक कथा सांगतात. खरे खोटे देव जाणे. एवढे मात्र खरे की 1881 पासून फ्लेमिंगबाई वेधशाळेत कायमच्या कामाला लागल्या.

काम काय, तर दुर्बिणीतून काचेवर घेतलेली आकाशाची छायाचित्रे भिंगाखाली तपासायची. काचेवर आकाश पांढरे आणि तारे काळे! दुर्बिणीपुढे लोलक बसवून छायाचित्र घेतले म्हणजे ताऱ्याचा ठिपका न उमटता वर्णपटाची बारीकशी पट्टी उमटते. त्या पट्टीतील रेघांवरून ताऱ्याची जात ओळखायची. अशा दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची वर्गवारी बाईंनी केली. ताटात तांदूळ पसरून खडे वेचावेत तसेच हे काम, पण एक खडा चुकला तर तारा चुकायचा.

काही ताऱ्यांचे तेज कमीजास्त होत असते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. बाईंच्या लक्षात आले की सावकाश तेज बदलणाऱ्या अनेक ताऱ्यांच्या पट्टीत हायड्रोजनच्या रेघा उजळ असतात. तशी रेघ दिसली की त्याच जागेच्या जुन्या काचा काढून ताडून पाहायचे. असे तीनशेंवर रूपविकारी तारे त्यांनी शोधले. एकाएकी भडकणारे नवतारेही त्यांना याच वाटेने सापडले. 1893 साली दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील अरेकिपा येथे घेतलेल्या काचेवर त्यांनी नवतारा ओळखला. त्यांच्या हयातीपर्यंत नोंद झालेल्या 28 नवताऱ्यांपैकी 10 त्यांचे होते.

त्यांतला 1895 सालचा नरतुरंग राशीकडील तारा तर साधा नवतारा नव्हेच. नवताऱ्यात श्वेत बटू आपल्या जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढतो, त्याचा थर पृष्ठभागावर पेटतो, आणि तारा शिल्लक राहतो. हा मात्र आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा, दुसऱ्या दीर्घिकेतील अतिदीप्त नवतारा होता, अवघा तारा फुटून गेलेला. हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. 1972 साली त्याच दीर्घिकेत आणखी एक अतिदीप्त नवतारा दिसला.

1888 साली त्यांना एका काचेवर घोड्याच्या डोक्यासारखा काळा भाग दिसला. आज तो अश्वमुख तेजोमेघ म्हणून प्रसिद्ध आहे. पण पुढे छापलेल्या यादीत श्रेय पिकरिंग यांना गेले, बाईंचे नाव आलेच नाही. मला हे वाचून मनस्वी वाईट वाटले.

पगाराचेही तेच. 1899 साली त्यांना छायाचित्रांच्या संग्रहाच्या प्रमुख नेमले. हाताखाली डझनभर बायका, मुलाचे शिक्षण करायचे, घर चालवायचे. 1900 साली त्यांनी रोजनिशीत मनातले लिहून ठेवले आहे: आपल्याला वर्षाला 1500 डॉलर, पुरुषांना 2500, आणि वाढ मागितली तर बायकांच्या मानाने हे उत्तमच असे ऐकून घ्यावे लागते. बाईलाही घर असते याचा साहेबांना विसर पडतो, असे त्यांना वाटले. पिकरिंगसाहेबांनी त्यांना वर आणले हे खरेच, पण म्हणून हिशेब मागू नये की काय? तरी काम त्यांनी सोडले नाही. त्याच पगारात मुलगा शिकला व 1901 साली इंजिनियर झाला.

1906 साली इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना मानद सभासद केले. 1910 साली एका क्षीण ताऱ्याची पट्टी पाहून त्यांनी तो पांढऱ्या जातीचा असल्याचे सांगितले. तो श्वेत बटू होता. 21 मे 1911 रोजी बोस्टनला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय 54. त्यांनी हाताळलेल्या काचा हार्वर्डला अजून जपून ठेवल्या आहेत.